मालकांच्या काळजाचं झाकण

दवाखान्याचे किस्से भुईमुगाच्या डहाळ्यासारखे. एक उपटला की धा शेंगा लोंबत येतात.

तर जुळे सोलापुरात, तिसऱ्या मजल्यावर, एक म्हातारा राहत होता. उभी हयात कांद्याच्या मार्केटात लिलाव पुकारलेला. त्याला एक बायको, ती मी. आन् एक पोरगा, बसवराज. त्याला सगळं कळतं, असं त्याला वाटतं.

त्या म्हाताऱ्याचं, म्हंजे आमच्या मालकांचं, काळीज ताल सोडून धडधडायला लागलं. अशा काळजाच्या एका कोपऱ्यात रक्त साचून गाठ होते, ती मेंदूत गेली की लकवा. मालकांच्या थोरल्या भावाला तोच झाला होता. माणूस हिंडायचा-फिरायचा, पण वाचा गेली ती गेलीच. मालक मला म्हणाले, "पाय गेला तरी चालंल. आवाज जाऊ ने."

*

डॉक्टर हे सगळं बसवराजला सांगत होते, तेही इंग्रजीत. काळीज मालकांचं, गोळ्या देणार मी, आन् मान हलवणार बसवराज! मी म्हटलं, "डॉक्टर, काळीज ह्या खुर्चीत बसलंय. हिकडं बघून बोला की."

*

रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. लगेच टेंभुर्णीची नणंद लसणाची पिशवी घेऊन हजर. म्हणे, रोज धा पाकळ्या द्या, रक्त पाण्यागत हुतंय.

"वन्सं, गोळीनं पातळ, वर लसणानं पातळ. मग शिरंत काय ऱ्हाणार, ताक?"

रागावून गेली. लसूण ऱ्हायला. शेंगाची चटणी लई झकास झाली.

*

मग पोटातनं रक्त गेलं. का? तर मालक गुडघेदुखीची गोळी चोरून खात होते! पातळ रक्तात ती पोटाला जखम करते. जन्मभर दुसऱ्याचा नासका कांदा निवडून काढणारा माणूस, आन् स्वतःच्या घरात ही लबाडी.

ती बंद केली, तरी परत रक्त गेलं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, मांडीच्या शिरेतनं नळी घालून काळजातल्या त्या कोपऱ्याला छत्रीसारखं झाकण बसवू. पातळ रक्ताची गोळी हळूहळू सुटंल.

शेजारीण विचारते, "कुकरगत शिट्टी व्हईल का हो?" म्हटलं, झाली की तुलाच गॅस बंद करायला बोलवीन.

*

झाकणाच्या दिवशी सकाळी मालकांच्या खिशात परत गुडघ्याची गोळी सापडली. मी सगळ्या नर्सांसमोर सांगितलं. मालक लालबुंद. "आता ह्या दवाखान्यात तोंड उघडणार न्हाय."

झाकण नीट बसलं. मालक शुद्धीवर आले. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, नाव सांगा."

गप्प.

हात वर करा म्हटलं, दोन्ही केले. पेन दाखवून हे काय म्हटलं, तर नजर छताला. डॉक्टरांचं तोंड उतरलं. मेंदूचा फोटो काढायची पळापळ. बसवराज रडायला लागला. मी सांगतेय की ते रुसलेत, तर मलाच म्हणतात, "आजी, बाहेर थांबा."

बाहेर? पण खरं सांगते, मालकांचा थोरला भाव माझ्याबी डोळ्यांसमोर आला होता.

मी तशीच खाटेच्या उशाशी गेले आन् अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं पुकारलं, "लाल कांदा, सुका, एक नंबर माल! दोनशे रुपये क्विंटल! दोनशे, एक वार! दोनशे, दोन वार..."

"थांब!" मालक पडल्यापडल्या गरजले. "कुणाच्या बापाचा माल हाय? दोन हजाराच्या खाली बोलायचं न्हाय!"

डॉक्टर वाकून म्हणाले, "आजोबा, आता तरी नाव सांगा."

मालक म्हणाले, "तू आधी भाव बोल."