तात्यांच्या नावाचा पुकारा

कोर्टातला शिपाई दर तारखेला माझ्या आजोबांचं, तात्यांचं नाव पुकारायचा. तात्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. वारस म्हणून माझ्या वडिलांचं, आप्पांचं नाव दाव्याला लागलं होतं, पण पुकाऱ्यात तात्यांचंच नाव पहिलं. गेलेल्या माणसाला आमच्याकडे हाक मारत नाहीत. आप्पा मान खाली घालून "हजर" म्हणायचे.

दावा तात्यांनी धाकट्या मुलावर, माझ्या काकांवर लावला होता. चांदवडजवळच्या मळ्यात विहिरीकडे जाणारी वाट काकांनी तारा ओढून बंद केली, त्यावरून. तात्यांच्या दहाव्याला नाशिकच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं. शेवटी आप्पांनी हात जोडले, "तात्या, दावा सोडणार नाय." कावळा लगेच शिवला.

यंदा काकांनीच वकिलाकरवी निरोप धाडला, वाट खुली करतो, मिटवून टाकू. दावा काढून घेतोय असं कोर्टाला लिहून द्यायची पुरसिस तयार झाली. आप्पांनी मला शिकवलं, घरातली पहिली पदवीधर केलं. त्याच शिक्षणाच्या जोरावर कोर्टाच्या व्हरांड्यात ती पुरसिस मीच त्यांना वाचून दाखवली. काकांची सही झालेली होती. आप्पा नुसतं पेन धरून बसले.

"आप्पा, वाट मिळतेय."

"मिळतीय गं. पण शब्द कुणाला दिलाय मी?"

तेवढ्यात पुकारा झाला. आप्पा उठले, पण तोंडातून आवाज फुटेना. शिपायाने पुन्हा तात्यांचं नाव घेतलं.

"हाय, हाय! आलोय!"

आवाज आमच्या मागून आला. घसा खरवडत निघालेला, शेवटी जरा ओढलेला. तात्यांचाच. मळ्याच्या पलीकडच्या टोकाहून ते अशीच ओ द्यायचे. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. आप्पांच्या हातातलं पेन पडलं.

मागे काका उभे होते. दावा लागल्यापासून ते आमच्याशी बोलले नव्हते. कोर्टातही त्यांचा वकीलच बोलायचा. त्या अबोल्यात त्यांचा आवाज कधी म्हातारा झाला, आम्हाला कळलंच नव्हतं.

"तू कशाला ओ दिली रे?" आप्पांनी विचारलं.

"तू देईना, दादा. म्हाताऱ्याला किती टायम उभं ठेवतो?"

 आप्पांनी वाकून पेन उचललं आणि सही केली.

आत न्यायाधीशांनी विचारलं, राजीखुशीने मिटवताय ना? दोघेही हो म्हणाले. दावा निकाली निघाला.

परतीच्या एसटीत दोघे शेजारी बसले, मी मागच्या सीटवर. कंडक्टर तिकिटं फाडून पुढे गेला. मग आप्पा डोळे मिटून म्हणाले, "बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काय पण. कांद्याचं बोल."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. समोर बघायचा धीर होईना. तात्या आप्पांना विचारत होते, यंदा रोप कसं उतरलंय.