कानेदा-सानचं खरं नाव

मी आता टेस्ट डेटात जिवंत माणसाचं नाव कधीच घालत नाही. का, ते सांगतो.

कानेदा-सान, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत कानेदाबाई, माझ्या शेजारच्या टेबलाशी बसत. साठीला टेकलेल्या, डबा कापडात नीट बांधून आणणाऱ्या. मी कचरा चुकीच्या डब्यात टाकला की एक शब्द न बोलता तो योग्य डब्यात टाकणाऱ्या. जपानमध्ये, कोतो भागातल्या आमच्या लहानशा कंपनीत त्या कोरियन कार्यक्रमांना जपानी सबटायटल्स लिहीत. मी पुण्याहून कॉन्ट्रॅक्टवर आलेला इंजिनिअर. ती सबटायटल्स पडद्यावर आणणारं सॉफ्टवेअर माझं. साल २००५. जपानी बायकांना कोरियन मालिकांचं वेड लागलं होतं आणि एका चॅनलने कोरियाचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सोहळा थेट दाखवायचं ठरवलं होतं.

"एवढं काय आहे हो त्या सोहळ्यात?" मी विचारलं.

"लष्करी राजवटीत हा पुरस्कार मिळाला की निर्मात्याला परदेशी सिनेमा आणायचा परवाना मिळे. खरा धंदा त्यावरच. मग सरकारला आवडतील असलेच सिनेमे निघायचे. आता ते गेलं, पण भांडणं तशीच. निकालावर शिव्या घालतात आणि तरी सगळे बघतात. शेवटी आपला पुरस्कार तो."

"आपला?"

त्या दचकल्या. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मग हळू आवाजात सांगितलं. आईवडील कोरियन, जन्म ओसाकाचा, खरं नाव किम सुन-ही. शाळेत त्रास नको म्हणून वडिलांनी कानेदा योशिए हे जपानी नाव लावलं, तेच आयुष्यभर चिकटलं. "पुरस्कारांची यादी आली की बाबा ती मोठ्यानं वाचायचे. वर्षातून तेवढाच वेळ आमच्या घरातून कोरियन नावं भिंतीपलीकडे ऐकू जायची."

मग म्हणाल्या, "शिरीष-सान, सप्टेंबरमध्ये मिकाचं, माझ्या मुलीचं, लग्न आहे. मुलाला माहीत आहे, त्याच्या घरच्यांना नाही. कोरियन घराशी सोयरीक इथे अजून नको असते. आणि चॅनलचे ओता-सान त्याचे काका आहेत. तोपर्यंत कुठे बोलू नका."

मी शपथ घेतली आणि पाळलीही. तोंडातून अक्षर काढलं नाही.

पण आमची पुण्याची सवय! टेस्ट डेटा, म्हणजे चाचणीपुरती खोटी माहिती, भरायचा तर घरच्यांची नावं घालायची. माझी बायको सरिता किती सिस्टिममध्ये ग्राहक, रुग्ण आणि प्रवासी झाली असेल, मोजदाद नाही. या सोहळ्यासाठी प्रत्येक नावाला दोन रकाने होते, वर कोरियन नाव, खाली ते जपानमध्ये ज्या नावाने ओळखलं जातं ते. मला वाटलं, आपण बाईंना एक गंमत दाखवू. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ओळीत मी त्यांची दोन्ही नावं भरली. दुपारी दाखवू म्हटलं, तेवढ्यात चॅनलचा फोन आला की पाहणी आजच करायची. त्या धांदलीत ती ओळ तशीच राहिली. मूर्खपणाला काही मर्यादा!

दुपारी तीनला ओता-सान पहिल्या खुर्चीवर, कानेदा-सान त्यांच्या मागे. पुरस्कार एकामागून एक येत होते, सगळी नावं बनावट, सगळे माना डोलावत होते. अभिनेत्रीचा पुरस्कार जवळ आला आणि मला एकदम आठवलं. माउसकडे हात नेईपर्यंत भिंतभर अक्षरं उमटली होती. वर किम सुन-ही. खाली कानेदा योशिए.

कुणी मागे वळून पाहिलं नाही. ते जास्त भयंकर होतं.

ओता-सान हसले. "छान दिसतंय. अक्षरं थोडी मोठी करता येतील का?"

"हो," मी म्हणालो.

सोहळा निर्विघ्न पार पडला. कोरियन नावं टाळ्यांच्या गजरात एकापाठोपाठ येत राहिली. कानेदा-सान एकही चूक न करता टाइप करत होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं की त्या हेडफोन कानावर घट्ट दाबत.

दहा दिवसांनी त्यांनी माझ्या टेबलावर एक पोस्टकार्ड ठेवलं. इथे लग्नपत्रिकेसोबत उत्तराचं कार्ड जातं, येणार की नाही त्याभोवती वर्तुळ काढून परत पाठवायचं. ओता-सानांनी 'येणार नाही'भोवती वर्तुळ काढलं होतं. अगदी सुबक.

"मुलाकडच्या एकतीस जणांनी हेच पाठवलंय," त्या म्हणाल्या. "काल मुलाचाही फोन आला. मिका खोलीबाहेर येत नाही."

मी रडायच्या बेतात होतो. माफ करा, माफ करा, एवढंच म्हणत राहिलो.

त्यांनी कार्ड उचलून पर्समध्ये ठेवलं. "ती ओळ अजून आहे?"

"नाही. त्याच दिवशी पुसली."

"एकदा परत लावा," कानेदा-सान म्हणाल्या. "त्या दिवशी मी ओता-सानांच्या मानेकडे बघत होते. माझं नाव बघायचं राहून गेलं."