म्हातारपणाचा पास

सप्तशृंगी आई सुरतेपर्यंत आपल्या पाठीशी येते, याबद्दल मला कधी शंका नव्हती. नवागामच्या आमच्या गल्लीत सगळी खानदेशची माणसं, आणि घरोघरी तिचा फोटो. पण समुद्रापलीकडे ती येते का, हे मला खात्रीनं सांगता आलं नसतं.

सुरतेत प्लेगची पळापळ झाली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी सुनेच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला गेले. मुलगा तिथं कापडाच्या कारखान्यात नोकरीला होता. त्या गावात म्हाताऱ्यांना बसचा सवलतीचा पास मिळे. मुलानं फोटो लावून माझाही काढला. इकडे रिक्षावाल्यानं ‘आजी’ म्हटलं तरी मी फणकारायचे, आणि तिकडे म्हातारपण गळ्यात अडकवून फिरू लागले. खोटं कशाला बोलू, मजा वाटायची.

मग नातू दिवस भरायच्या आधीच जन्मला. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर काही सांगेनात. मी घाबरले आणि आमच्याकडे बोलतात तसा नवस बोलले: बाळ घरी येईपर्यंत दवाखान्यात पायीच जाईन. चैत्रात आमची माणसं आईच्या गडावर पायी जातात, तेच माझ्या डोक्यात होतं.

“माय, पास शे ना तुनाजोडे, बसनी ये,” मुलगा काकुळतीला आला.

“नवस शे मना,” मी म्हटलं. विषय संपला.

एके सकाळी बर्फ पडला. माझ्या खुणेचे कठडे, कोपरे सगळे पांढरे झाले आणि मी रस्ता चुकले. पाय बधिर झाले होते. तेवढ्यात जवळच्या थांब्यावर बस थांबली आणि काठी टेकत एक गोरी म्हातारी उतरली. माझ्या गळ्यातला पास पाहून तिनं स्वतःचा दाखवला आणि बसकडे बोट केलं. मी मान हलवली, पायांकडे बोट दाखवलं, वर पाहून हात जोडले. मी दवाखान्याचं नाव घेतलं, तेवढं तिला समजलं. तिनं बस जाऊ दिली, माझा हात धरला आणि माझ्याबरोबर चालू लागली.

थोड्या वेळानं तिला धाप लागली. एका कठड्याला टेकून ती उभी राहिली, पण माझा हात सोडेना. मागून दुसरी बस येत होती. मी बसमध्ये चढले तर नवस मोडणार होता, आणि त्या नवसावर माझं बाळ टांगलेलं होतं. तिचे ओठ निळे पडले होते. ‘आई, आता तुझं तू बघ,’ एवढंच म्हणून मी हात वर केला आणि तिला धरून बसमध्ये चढले. दोघींनी पास दाखवले. दवाखाना येईपर्यंत मी रडत होते, ती माझी पाठ थोपटत होती.

दवाखान्याच्या दारात मी उतरले, ती त्याच बसनं पुढे गेली. मी जीव मुठीत धरून पेटीपाशी गेले. बाळ कालच्यासारखंच होतं, ना बरं ना वाईट. मी खालीच बसले. पुढं ते सावकाश सुधारलं आणि घरी आलं. ती बाई मला पुन्हा दिसली नाही. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही.

एवढं मात्र कळलं की नवस मी बोलले होते, आईनं मागितला नव्हता. हल्ली चैत्रात गल्लीतली मंडळी गडाकडे पायी निघतात. मी एसटीनं, म्हाताऱ्यांच्या अर्ध्या तिकिटात जाते. कशानं आलीस, हे आईनं मला अजून विचारलेलं नाही.