फोनमध्ये न दिसणारा हात

आष्टीच्या बाजारात वनमालाबाईकडून शेळी घेणाऱ्याने आधी पाय बघावेत, शेळीचे. जनावर लंगडं असलं की बाई दावं आखूड धरायची आणि शेळीला स्वतःच्या मांडीला टेकवून अशी चालवायची, की लंगडणं दिसायचंच नाही. घरी पोचल्यावर गिऱ्हाईक कपाळावर हात मारून घ्यायचं. एरवी बाई जिवाला जीव देणारी, पण आपलं उणं कुणाला दिसू द्यायचं नाही, हा तिचा हट्ट.

नवऱ्याला, सुग्रीवला, लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्याने घरी सोडताना सांगितलं, आता दर आठवड्याला उज्मा मॅडम फोनवर व्हिडिओतून शिकवतील. उज्मा संभाजीनगरला बसून गावोगावच्या अशा माणसांना घास घेणं, बटण लावणं, उठणं-बसणं नव्याने शिकवायची. सगळं ठीक होतं, पण दवाखान्याच्या ओट्यावर कुणी तरी शहाणीने बाईच्या कानात सांगितलं, "सुधारणा दिसली न्हाई की यादीतनं नंबर काढतेत." झालं.

पहिला धडा, उजवा हात तोंडापर्यंत नेण्याचा. हात तसूभर हलेना. पुढच्या वेळी बाईने सुग्रीवच्या अंगावर घोंगडी टाकली, फोन पिठाच्या डब्याला टेकवला आणि कॅमेऱ्यात येणार नाही अशी बसून घोंगडीखालून त्याचा हात उचलला.

"वा काका!" उज्मा खूश.

सुग्रीवने बायकोकडे डोळे वटारले. आजाराने माणूस चिडका होतो, असं बाईने ठरवून टाकलं. एरवीच्या दिवशी तीच भरवायची. व्यायाम राहूनच जायचा, कारण तो निपचित हात बघून तिचं काळीज तुटायचं. असे दोन महिने गेले.

मग एके दिवशी उज्मा म्हणाली, "हात चांगला उचलतोय. आज उभं राहू. काका, दोन्ही हातांनी खांब धरा आणि उठा. मावशी, शेजारी थांबा, पण हात लावू नका. फोन लांब ठेवा, मला दोघंही पूर्ण दिसायला हवेत."

खाली शहाबादी फरशी. उजवा हात खांब धरणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? बोलावं तर नंबर जाणार, न बोलावं तर माणूस आपटणार. सुग्रीवने डाव्या हाताने खांब धरला, पुढे झुकला, आणि थांबून तिच्याकडे बघितलं. ती बोलेल म्हणून तो वाट बघत होता. बाई गप्पच. त्या गप्प बसण्याचा हे सांगतानाही मला राग येतो.

सुग्रीव मागे सरून बाजेवर टेकला. डाव्या हाताने त्याने आपला उजवा हात उचलला आणि फोनसमोर सोडून दिला. तो धप्पकन मांडीवर पडला.

"त्यो हात..." जीभ ओढत तो म्हणाला, "हिचा हाय."

उज्माने चेहरा कॅमेऱ्याजवळ आणला. मग म्हणाली, "मावशी, घोंगडीखाली तुम्ही होता?"

"नंबर काढू नगा, म्याडम!" बाई रडायलाच लागली.

"नंबर कुणीच काढत नाही, मावशी." उज्मा म्हणाली. "पण झटक्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत हात सगळ्यात जास्त शिकतो. आणि मी दोन महिने तुमच्या हाताला शिकवत बसले."

"त्ये महिने माघारी येतेत का?"

उज्माला खोटं बोलता आलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "ती घोंगडी आता नको. काका, मांडीवरचा हात गुडघ्याकडे सरकवा."

हात तसाच पडून राहिला. सुग्रीवच्या कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा फुगल्या. बाईचा हात नकळत पुढे गेला.

"लांब," सुग्रीव म्हणाला. "लांब... बस."

वनमालाबाई उठली, उंबऱ्यापाशी जाऊन बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. तिथून तिचा हात पोचत नव्हता. फोनमधून उज्मा म्हणत होती, "पुन्हा, काका."