बंदुकीला रकाना नाही

लोकांना वाटतं, इन्शुरन्समध्ये काम करणाऱ्या माणसाशी गप्पा मारायला बसलं की हमखास झोप लागणार. माझाही तोच समज होता. लग्न होऊन नागपूरहून इथे मिनेसोटात, ईडन प्रेरीला आले, दोन-तीन कोर्स केले आणि शेवटी एका इन्शुरन्स कंपनीच्या क्लेम्स डिपार्टमेंटला लागले. काम घरांच्या पॉलिसीजवर येणारे भरपाईचे दावे बघायचं. म्हटलं, गारांनी छप्पर गेलं, पाइप फुटून बेसमेंट भरलं, एवढंच असणार. बारा वर्षं झाली. गारांचा एक किस्सा आठवेल तर शपथ! बंदुकीचे मात्र पुरून उरतात. मी सुरू झाले की नवरा म्हणतो, "जेवताना नको गं."

तुमचं जेवण झालं असेल असं धरून सांगते.

*

सुरुवातीला मी नवीन पॉलिसीचे अर्जही फोनवर भरून घ्यायचे. फॉर्मवर प्रश्न ठरलेले. घरात पोहण्याचा तलाव आहे का? ट्रॅम्पोलिन आहे का? कुत्रा आहे का, कुठल्या जातीचा, कुणाला चावलाय का? कारण घराच्या पॉलिसीत एक भाग असतो: तुमच्यामुळे चुकून परक्या माणसाला इजा झाली, तर भरपाई कंपनी देते.

एकदा एक रिटायर्ड गृहस्थ फोनवर होते. अतिशय प्रामाणिक माणूस.

"तलाव नाही. ट्रॅम्पोलिन नाही. कुत्रा आहे, पण म्हातारा आहे, त्याला दातच राहिले नाहीत. आणि बंदुका अकरा."

"सर, बंदुकांना रकाना नाहीये."

"नाही? असं कसं? अकरा आहेत म्हणतो ना!"

"फॉर्मवर प्रश्नच नाही, सर."

ते अस्वस्थ झाले. थोडा विचार करून म्हणाले, "मग असं करा, कुत्र्याच्या खाली लिहून टाका!"

मी लिंडाला विचारलं. लिंडा आमची सीनियर, तीस वर्षं त्याच खुर्चीत. ती म्हणाली, "कुत्र्याचं विचारलं तर कुणी चिडत नाही. बंदुकीचं विचारलं की गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीत जातं."

तो फॉर्म अजून चालू आहे. प्रश्न तेच आहेत.

*

लंचला आमचं चौघांचं टेबल ठरलेलं. लिंडा, मी, डेल आणि इरा. डेल आमच्यासारखाच क्लेम्स बघतो, पण पक्का शिकारी. नोव्हेंबरात हरणांचा सीझन आला की त्याची रजा ठरलेली. इरा आमची वकील. आई-वडील पुण्याचे, तिचा जन्म इथला. ऑफिसात मला नावाने हाक मारते, पण माझ्या गाडीत बसली की 'मावशी'!

तर एकदा डेलकडे एक क्लेम आला. टाउनहाउसमधला एकजण बंदूक साफ करत होता. गोळी सुटली, मधल्या भिंतीतून शेजाऱ्याच्या गराजमध्ये गेली आणि त्याच्या डीप फ्रीझरमध्ये घुसली. फ्रीझरमध्ये काय? शेजाऱ्याने मारून आणलेलं हरीण!

डेल पाहणी करून आला आणि म्हणाला, "गोळी नेमकी मांडीत लागलीय. बिचाऱ्याला दोनदा मारलं!"

आम्ही हसलो. हसणं संपल्यावर डेल म्हणाला, "फ्रीझरच्या मागे शेजाऱ्याच्या मुलीची सायकल असते. ती पाचच मिनिटं आधी सायकल घेऊन बाहेर गेली होती."

इराने विचारलं, "अँड बंदूकवाला? तो काय म्हणाला?"

"म्हणाला, रिकामी होती."

लिंडा सॅलड खाताखाता बोलली, "तीस वर्षांत भरलेली बंदूक माझ्याकडे एकही आलेली नाही. सगळ्या रिकाम्याच असतात."

*

हा किस्सा मी कुणाला सांगत नाही. आज सांगते.

एक बाई होती, म्हाताऱ्यांची घरी जाऊन सेवा करणारी. नवीन पेशंटचं घर शोधताना तिने भलत्याच घराची बेल वाजवली. आतल्या माणसाने दारातून गोळी झाडली. ती वाचली, पण उजवा हात कायमचा लुळा पडला. त्या हातानेच माणसांना उचलून बसवायचं तिचं काम!

घरमालकाची पॉलिसी आमची. त्याचा जबाब मी रेकॉर्ड केला. त्यात एक प्रश्न असतोच: गोळी चुकून सुटली की तुम्ही झाडली? चुकून असेल तर कंपनी भरपाई देते. मुद्दाम असेल तर नाही. मुद्दाम केलेल्या कृत्याला इन्शुरन्स नसतो.

मी प्रश्न अगदी सावकाश विचारला. मनात म्हणत होते, बाबा रे, चुकून म्हण.

त्याला अपमान वाटला. "चुकून? मॅडम, चाळीस वर्षं नेमबाजी करतोय. माझ्या हातून चुकून काही सुटत नाही!"

झालं! क्लेम नामंजूर. त्या बाईला फोन करायचं काम माझ्याकडे आलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे त्याने चुकून मारली असती, तर मला भरपाई मिळाली असती?"

"हो."

"आणि तो म्हणतो, नेम धरूनच मारली?"

"हो."

मग म्हणाली, "तुम्ही त्याच्याशी बोलता ना? मग त्याला जरा पटवा ना, की त्याचा नेम काही एवढा चांगला नाही."

मला ते करता आलं नाही. नियमात बसत नव्हतं.

*

टीव्हीवर कुठे गोळीबाराची बातमी आली, की आमच्या टेबलावर तोच विषय: गाडीसारखा बंदुकीलाही इन्शुरन्स सक्तीचा करावा का?

डेल म्हणतो, "गाडीचा सक्तीचा आहे, म्हणून लोक नीट चालवतात का?"

लिंडा म्हणते, "नाही चालवत. पण ज्याला धडक बसते, त्याचा फोन उचलायला कुणीतरी असतं."

"आणि गुंड काय, पॉलिसी काढून येणार?"

"गुंडांचे क्लेम येतात का माझ्याकडे? माझ्याकडे तर सगळे सभ्यच येतात!"

मग इरा. "बट यार, मुद्दाम मारलं की आपण देतच नाही. आणि लोक तर मुद्दामच मारतात! सक्ती करून मिळणार काय? अ व्हेरी नाइस डिनायल लेटर!"

लिंडा घड्याळ बघते, एक वाजलेला असतो, आम्ही डबे बंद करतो. पुढच्या बातमीला पुन्हा हेच. फक्त डब्यातली भाजी वेगळी.

*

आता आपल्यातलाच एक. प्रशांत आणि मानसी, आमचे जुने मित्र. प्रशांत मुंबईचा, सॉफ्टवेअरमध्ये. मानसी सांगलीजवळच्या खेड्यातली. त्यांच्या गल्लीत दोन घरफोड्या झाल्या आणि प्रशांतने पिस्तूल घेतलं. संक्रांतीला आम्ही त्यांच्याकडे जमलो, तर हा तिळगुळाच्या आधी फोनवरचा फोटो दाखवतोय!

मला म्हणाला, "तू एक्स्पर्ट ना? घराच्या पॉलिसीत हे कव्हर होतं ना?"

म्हटलं, "चुकून शेजाऱ्याला लागली तर होतं. घरच्यांना लागली तर नाही. घरात राहणारी नात्याची माणसं धरत नाहीत त्यात."

"घरच्यांना कशाला लागेल? सेफमध्ये असतं. कोडसुद्धा सोपा ठेवलाय, हिला ऐनवेळी आठवायला हवा म्हणून. हिचा बर्थडे!"

मानसीने तिळगुळाची वाटी खाली ठेवली. "कुठला? खरा की शाळेतला?"

सगळे खो खो हसले. शाळेत घालताना गुरुजींनी तिची जन्मतारीख एक जून लावून टाकली होती, आणि पासपोर्टपासून ग्रीन कार्डपर्यंत तीच चालत आलेली!

प्रशांत जरा गडबडला. "अगं, खरा... नाही, थांब..."

सोफ्यावर टॅब्लेट घेऊन बसलेली त्यांची आठ वर्षांची सिया मान वर न करता म्हणाली, "इट्स जून फर्स्ट, बाबा. आय ओपन्ड इट. आईच्या पाटल्यापण तिथेच आहेत."

हसू तिथेच थांबलं. मानसी उठून किचनमध्ये गेली. मी मागे गेले, तर सिंकची कडा घट्ट धरून उभी होती.

त्याने कोड बदलला. मानसी म्हणाली, विकून टाक ते पिस्तूल. तो म्हणाला, उगाच पॅनिक होऊ नकोस. मग तडजोड म्हणून सेफ गराजमध्ये सगळ्यात वरच्या फळीवर चढवली. परवा मानसीचा फोन होता. म्हणाली, "सध्या हात पोचत नाही तिचा. पण उंची वाढतेय गं."

*

गेल्या वर्षी डेलच्या शेजाऱ्याची, रॉजरची बायको वारली. रॉजर पंचाहत्तरीचा. डेलने आणि त्याने वीस वर्षं बरोबर शिकार केलेली. बायको गेल्यावर महिन्याभराने रॉजर स्वतःच डेलच्या दारात आला. म्हणाला, "माझ्या बंदुका थोडे दिवस तुझ्याकडे ठेव." डेलने का म्हणून विचारलं नाही. पिकअप लावला, सगळ्या सात भरून आणल्या आणि आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या. रोज संध्याकाळी रॉजरकडे जेवायला जायला लागला.

ऑक्टोबरात रॉजर म्हणाला, "सीझन जवळ आला. एक दे परत."

डेलने लंचला आमच्यासमोर विषय काढला. इरा म्हणाली, "कायद्याने त्याची आहे. मागितली तर द्यावी लागेल." लिंडा म्हणाली, "परत देऊन काही झालं, तर तुझ्यावर दावा येऊ शकतो. पॉलिसी बघून ठेव."

डेल म्हणाला, "मी कायदा विचारत नाहीये. पॉलिसीपण नाही. देऊ का, एवढंच सांगा."

जबाबदार कोण, हे ठरवायचा पगार घेणारी आम्ही चार माणसं. एक वाजला, आम्ही डबे बंद केले.

डेलने दिली नाही. किल्ली सापडत नाही, असं रॉजरला सांगितलं. रॉजर म्हणाला, "काही हरकत नाही." त्या आठवड्यातच तो गेला. नवीन बंदूक विकत आणली होती.

दहा दिवसांनी डेल कामावर आला. लंचला बसला, पण डबा उघडला नाही. म्हणाला, त्या दुकानात जाऊन आलो. काउंटरवरच्या बाईला रॉजर चांगला आठवत होता. म्हणे, फार गोड माणूस, घाई नाही, गडबड नाही, माझ्या नातवंडांची चौकशी केली. बिल करताना तिने नेहमीसारखं विचारलं, "सर, यावर वर्षभराचा प्रोटेक्शन प्लॅन घ्यायचा का? बिघडली तर दुरुस्ती फुकट."

रॉजर हसला आणि म्हणाला, "नको. ती मला एवढे दिवस लागणार नाही."