घाटातली फांदी

त्या रविवारी दुपारी आमच्या पोलीस ठाण्याच्या जीपचा चालक पवना धरणाकडे उतरणाऱ्या घाटात मेला. त्याची सुट्टी होती. तो मोटरसायकलवरून गावी निघाला होता.

त्याला दवाखान्यात आणले एका ट्रकवाल्याने. जखमीला उचलून आणणाराच आधी मार खातो, हे नोकरीत अनेकदा पाहिले होते. त्यानेही खाल्ला. मी त्याला ठाण्यात आणून बसवले, तोवर फाटकाबाहेर गावकरी जमले.

"सायेब, तुमचाच मानूस गेलाय. ट्रकवाल्याला भाईर काढा!"

आत ट्रकवाला एकच सांगत होता. "मी आलो तवा ते पडल्यालंच हुतं. रस्त्यात फांदी दिसली म्हून गाडी हळू केली. मी ठोकला असता तर उचलून कशाला आणला असता?"

"भीतीनं," मी म्हणालो.

"भ्यालेला मानूस पळतो, सायेब."

मी घटनास्थळी पंचनाम्याला गेलो. वळणावर मोठे दगड पडले होते. बंद पडलेल्या कुठल्या तरी ट्रकच्या चाकांना लावलेले आणि तसेच टाकून दिलेले. त्यांतला एक कडेला ढकललेला होता. वळणाच्या अलीकडे करंजाची हिरवी फांदी पडली होती, चाकाखाली चिरडलेली. तिचे टोक कोयत्याने छाटलेले होते. कोयता कडेच्या गवतात सापडला. तो मी ओळखला.

दगड दिसला की आमचा चालक जीप थांबवायचा. जवळच्या कोयत्याने फांदी तोडून वळणाआधी टाकायचा, मग दगड हलवायचा. मी शेजारी पुस्तक वाचत असे. एकदा म्हणालो, "हे आपलं काम आहे का?" तो हसला. "ठेवनाऱ्याला दगड ठावा असतो, सायेब. येनाऱ्याला न्हाई."

संध्याकाळी मळवलीहून फोन आला. एका बंगल्याची राखण करणाऱ्या मावशी दबक्या आवाजात बोलत होत्या. "माजं नाव कुटं घेऊ नका. पाव्हण्यांनी गाडी धुवाया काढलीय. म्होरचा दिवा फुटलाय. कुत्रं आडवं आलं म्हनत्यात."

आम्ही पोचलो तेव्हा गाडी अर्धी धुऊन झाली होती. गाडीचा मालक शिकलेला, नम्र गृहस्थ. दिवा भिंतीला लागून फुटला, म्हणाला. घाटात गेलोच नाही, म्हणाला. मावशींनी सांगितलेल्या कुत्र्याचा विषय मला काढता येईना; त्यांचे नाव उघडे पडले असते. ठाण्याबाहेरचा जमाव हटला नव्हता, हे तिथून फोनवर कळत होते. मी अपघाताचे बोलणेच सोडले.

"आमच्याकडचे रस्ते कसे वाटले?"

तो सैलावला. "रस्ते बरे आहेत, साहेब. पण देखभाल नाही. वळणावर झाडाची फांदी पडलेली, कोणी उचलतसुद्धा नाही."

"कुठल्या वळणावर?"

त्याने फुटलेल्या दिव्याकडे पाहिले. मग म्हणाला, "मला वाटलं, वाऱ्यानं पडली असेल. तो वाकलेला होता. दिसला तेव्हा उशीर झाला होता."

गाडीचा मालक दारू प्यायलेला नव्हता. त्याने पट्टाही लावला होता. शहरात तो सिग्नल पाळणारा माणूस असावा. पण रस्त्यातली फांदी ही खूण आहे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला ते ठाऊक असते. मात्र दगड टाकून गेलेला ट्रकवालाही पोटासाठीच चालवणारा होता, आणि तो कधी सापडला नाही. त्यामुळे कोणता चालक चांगला, असे विचारले की मी उत्तर देत नाही. आपल्या मागून कोणी येणार आहे, हे ज्याच्या लक्षात राहते तो, एवढेच म्हणतो.

ठाण्यात बसवलेल्या ट्रकवाल्याला आम्ही मागच्या दाराने सोडले. खटला संपल्यावर मुद्देमाल चालकाच्या पत्नीला परत मिळाला. कोयता तिने मला आणून दिला.

आता माझी गाडी मीच चालवतो. कोयता सीटखाली असतो.