एका तक्रारीतील शकूताई

शकूताई घरात आल्या की आधी बाळाकडे जात नसत. अंगणातल्या नळाखाली कोपरापर्यंत साबण लावून हात धूत, ओले हात पदराला न पुसता हवेत धरून वाळवत आणि मगच उंबरा ओलांडत. आत आल्यावरही त्यांचा पहिला प्रश्न आईला असे. "जेवलीस का? काय जेवलीस? पोट भरलं का नुसतं ताट हालवलं?" माझ्या पहिल्या बाळंतपणात भेटायला आलेल्या सगळ्या बायकांनी मला एकच गोष्ट विचारली होती : दूध येते का? मी काय खाल्ले हे विचारणारी ही एकटीच बाई.

त्या आमच्या गावच्या आशा कार्यकर्ती. गरोदर बायका, बाळंतिणी आणि तान्ही मुले यांच्या घरी जाऊन विचारपूस करणे, बाळांची वजने घेणे हे त्यांचे काम. भवानीनगरजवळच्या आमच्या गावात विहारामागच्या वस्तीत त्या राहत. वय पंचेचाळिशीचे, शिक्षण दहावी, खांद्याला एक कापडी पिशवी आणि तीत वजनकाटा व त्याला अडकवायची झोळी. मी त्याच गावच्या शाळेत चौथीचा वर्ग घेते. शाळेत भेटल्या की त्या मला "बाई" आणि "तुमी" म्हणत. बाळंतिणीच्या खोलीत मात्र सरळ एकेरीवर येत. मला ते आवडले होते. माझी आई हयात नव्हती, म्हणून इंदापूरच्या माहेरी न जाता बारामतीच्या दवाखान्यातून मी मुलीला घेऊन सासरीच आले होते. त्या घरात मला एकेरीने हाक मारणारे, पण कामाला न लावणारे दुसरे कोणी नव्हते.

शिक्षिका म्हणून मी अनेकांची शिकवण्याची पद्धत पाहिली आहे. शकूताईंइतकी साधी आणि अचूक पद्धत क्वचितच आढळली. त्या सांगत कमी आणि करून जास्त घेत. माझ्या मागे बसून त्यांनी माझा हात बाळाच्या मानेखाली नेमका कुठे हवा ते दाखवले. "नुसतं टोक चोखून दूध येत न्हाय. भवतीचा काळा भाग तोंडात जाऊ दे. खालचा ओठ भाईर वळला पायजे. आता ऐक, गिळल्याचा आवाज येतोय का?" मी दर तीन तासांनी पाजायचे ठरवले होते. त्यावर त्या म्हणाल्या, "घड्याळ शाळंत ठेव. दिसारातीत आठ-धा वेळा, बारा वेळा, ती मागंल तवा. बाळ जेवढं वढंल तेवढं दूध येतं. साठवून ठिवलं म्हंजी वाढत न्हाय, उलटं आटतं." दूध पुरते आहे हे ओळखायचे कसे, असे मी विचारले. त्यांनी दोनच खुणा सांगितल्या. दिवसाला सहा किंवा त्याहून जास्त लंगोट ओले झाले पाहिजेत आणि काट्यावर वजन वाढत राहिले पाहिजे. मी लगेच वही आखली. ओल्या लंगोटांसाठी वेगळा रकाना केला. तो पाहून त्या हसल्या. "पेपर तपासल्यागत चाललंय तुझं. पर असू दे. लिव्हलेलं बरं असतं."

तिसऱ्या आठवड्यात मुलगी संध्याकाळी फार रडू लागली. अर्ध्या तासापूर्वी पाजले तरी पुन्हा अंगाशी झोंबे. शकूताईंना त्यात काही वावगे वाटले नाही. "वाढीचं दिस हायत. ती आपली मागणी वाढवतीया. चार दिस लावून ठेव, दूध आपोआप वाढंल." परंतु आमचे घर दुधाचे होते. माझे सासरे, ज्यांना सारा गाव तात्या म्हणतो, दूध संकलन केंद्र चालवत. घरात दिवसातून दोनदा दुधाच्या फॅटची चर्चा होई. सासूबाईंनी मला औषधाची एक रिकामी बाटली उकळून दिली आणि तीत दूध काढायला सांगितले. बाटली उजेडासमोर धरून त्या म्हणाल्या, "हे तर निळसर पाणी हाय." आणि पदराखाली झाकून त्या ती केंद्रावर घेऊन गेल्या.

पुढचे मला सासूबाईंकडूनच कळले. तात्यांनी न विचारता ते दूध यंत्राला लावले, आकडा वाचला आणि रांगेतल्या चौघांदेखत म्हणाले, "कुणाचं हाय हे? पाणी घातलंय. परत घिऊन जा म्हणावं." छापून आलेली चिठ्ठी घेऊन सासूबाई घरी आल्या. ते दूध कोणाचे होते हे तात्यांना समजले, तेव्हा दोन दिवस ते मान खाली घालून जेवले.

शकूताईंना हे कळले तेव्हा त्या आधी पोट धरून हसल्या. मग पदराने डोळे पुसून सासूबाईंसमोर बसल्या.

"अक्का, म्हशीची पयली धार आन् शेवटची धार येगयेगळी काढून मिशीनला लावा. मंग बोला. मलई शेवटाला असती का न्हाय? पोरीला येक बाजू निपटून पिऊ द्या, मंग दुसरी द्या."

"बाईमानूस आन् म्हस येकच व्हय गं शके?"

"मंग मिशीनला कुणी लावलं?"

सासूबाई उठून आत गेल्या. शकूताईंचे म्हणणे शास्त्राला धरून होते; मला ते पटलेही होते. परंतु मी मुलांना रोज सांगत असे की अंदाजापेक्षा मापावर विश्वास ठेवा. ती चिठ्ठी मी वहीत चिकटवली. माझ्याच रकान्यांतले सात-सात ओले लंगोट आणि वाढणारे वजन हेही मापच होते, हे माझ्या लक्षात आले नाही. छापील आकडा मला अधिक खरा वाटला.

त्याच आठवड्यात बारामतीहून पावडरच्या दुधाचा डबा आला. संध्याकाळची एकच बाटली द्यायची, असे ठरले. मुलगी शांत झोपली आणि घरही शांत झाले. मग सकाळचीही बाटली सुरू झाली. डबा मी कपाटात शाळेच्या साड्यांमागे ठेवत असे, कारण शकूताई मंगळवारी येत. "फक्त अंगावरच ना?" या त्यांच्या प्रश्नाला मी "हो" म्हणत असे. अंगणवाडीत वजन घेताना त्यांनी चार बायकांसमोर माझे कौतुक केले. "बगा, नोकरीवाली असून येक थेंब वरचा दिला न्हाय." मी मुलीचे टोपडे नीट करत राहिले.

बाटलीने पोट भरलेले मूल अंगावर कमी ओढते. कमी ओढले की दूध कमी होते. ते कमी झाले की बाटली वाढते. हे चक्र मी आज फळ्यावर काढून दाखवू शकेन. तेव्हा मी त्याच्या आत होते. तिसऱ्या महिन्यात मुलगी दोन मिनिटे ओढून पाठीची कमान करून रडू लागली. शकूताई रोज येऊ लागल्या. पाजल्यावर प्रत्येक वेळी हाताने दूध काढून पाहा, बाळाला उघड्या अंगाशी धरून झोप, रात्रीची पाजणी चुकवू नकोस. एकेक उपाय त्या सांगत आणि दुसऱ्या दिवशी आशेने विचारत. एकदा माझ्या शेजारी बसून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बारा वर्सांत असं झालं न्हाय. माझंच काय तरी चुकतंय." साड्यांमागचा डबा तिथून चार हातांवर होता.

पुढे मुलीला जुलाब झाले आणि तिला दोन दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. बाटलीची स्वच्छता कोणी तपासली नाही. सासूबाईंनी निदान आधीच केले होते. "त्या शकीच्या नादानं पोर उपाशी ऱ्हायली, म्हणून अंगात ताकद न्हाय." तात्यांनी आरोग्य उपकेंद्राकडे तक्रार करायचे ठरवले. मला म्हणाले, "सूनबाई, तुमचं अक्षर चांगलं हाय. तुमीच लिवा."

मी लिहिले. तात्यांनी सांगितलेली तीन विस्कळीत वाक्ये मी मुद्द्यांत मांडली, क्रमांक घातले. 'सदर कार्यकर्तीने वरचे दूध देण्यास मनाई केल्यामुळे बाळ तीन महिने उपाशी राहिले,' हे वाक्य माझे आहे. ते लिहिताना कपाटात तिसरा डबा चालू होता. त्या पत्रात व्याकरणाची एकही चूक नव्हती. सही तात्यांची होती.

मासिक बैठकीत शकूताईंना उभे करून विचारणा झाली आणि गावाचा आमच्या बाजूचा भाग त्यांच्याकडून काढून घेतला गेला. त्यानंतर त्या रस्त्यात भेटल्या की म्हणत, "बऱ्या हाय का बाई तुमी?" एकेरी हाक पुन्हा ऐकू आली नाही.

चार वर्षांनी मला मुलगा झाला. या वेळी मी घरात स्पष्ट सांगितले की बाटली आणि डबा येणार नाही. बाकी सर्व शकूताईंनी शिकवले तसेच केले. संध्याकाळचे रडणे आले, तेव्हा त्याला चार दिवस लावून ठेवले. पाचव्या दिवशी दूध वाढलेले मला स्वतःला जाणवले. सहा महिने त्याने दुसरे काही घेतले नाही. उष्टावण झाल्यावर त्याला घेऊन मी विहारामागच्या वस्तीत गेले.

शकूताई खाटेवर होत्या. मूत्रपिंडाच्या आजाराने त्या निम्म्या झाल्या होत्या. त्यांनी मुलाला मांडीवर घेतले, त्याच्या मांडीच्या वळ्या बोटाने मोजल्या आणि म्हणाल्या, "हे अंगावरचं दूध हाय." मग मी बोलले. आधी पत्राचे सांगितले.

"ठावं हाय मला. अंगणवाडीतलं तक्तं तुमीच लिवल्यात न्हवं? बैठकीत पत्र बगितलं तवाच अक्षर वळखलं व्हतं."

मग डब्याचे सांगितले. तिसऱ्या आठवड्यापासून दिला, तुमच्यापासून लपवला, असे नीट क्रमाने सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हंजी माझं चुकलं न्हवतं."

"नाही."

"मी चार वर्सं त्योच इचार करतीया. पोर नीट धरत व्हती, वजन वाढत व्हतं, मंग दूध आटलं कसं? त्या दिसापासून मी कुणाला ठासून सांगितलं न्हाय बाई. वरचं दिऊ का म्हणली कुणी, की म्हणायची, तुमचं तुमी बगा." मुलाच्या पायावरून त्या हात फिरवू लागल्या. "तवा मला सांगितलं असतंत तरी दूध परत आणता आलं असतं. मी काय तुमाला शिक्षा करनार व्हते का?"

मी क्षमा मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, "खरं काय झालं ते उपकेंद्रात लिवून द्या. दुसरं काय नको."

रविवारी देते, असे मी म्हणाले. त्या आठवड्यात शाळेची तपासणी निघाली, पुढच्या आठवड्यात निकालपत्रके आली. तक्रार लिहायला मला एक दुपार पुरली होती. या पत्राचा मी तिसऱ्यांदा कच्चा मसुदा करत होते, तेव्हा शकूताई गेल्याचे कळले.

त्या चार वर्षांत त्यांच्या भागात किती बाळंतिणींनी "वरचं देऊ का" असे विचारले असेल आणि किती जणींना "तुमचं तुमी बगा" हे उत्तर मिळाले असेल, याची मोजदाद मी केलेली नाही. मोजण्याची सवय असूनही ते धाडस मला होत नाही.

पत्र मी पक्के केले. पहिल्या तीन आठवड्यांतील मुलीची वजने व ओल्या लंगोटांची संख्या वहीतून उतरवली, डबा कधी सुरू केला ते लिहिले आणि शेवटी लिहिले : बाळाला आईचे दूध पुरत होते, कार्यकर्तीचा सल्ला बरोबर होता. सही माझी केली. उपकेंद्रातल्या नव्या परिचारिकेने ते उभ्यानेच वाचले.

"या तर वारल्या ना, मॅडम? मग आता याचा काय उपयोग?"

तिने आवक वही उघडून पत्रावर क्रमांक घालेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.